विचारा आप्पांना : गाव शहरात जातंय, आता काय?

या सदराच्या पिशवीत एरवी वाटण्या, बांध आणि विहिरीचा हिस्सा असतो. या खेपेला निम्मीअधिक पत्रं हद्दवाढीची निघाली. जळगावची, धुळ्याची आणि तालुक्याच्या लहान पालिकांना खेटून असलेल्या गावांची. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी नगररचना खात्यात अनुरेखक होतो. दुसऱ्यांनी ठरवलेल्या रेघा एकतीस वर्षं शाईने पक्क्या केल्या. वकील नाही, साहेबही नव्हतो. माझं उत्तर कागदापुरतं धरा आणि सही करण्याआधी वकिलाकडे जाऊन या.

प्रश्न : आप्पा, तीन एकर काळी जमीन आहे. खरिपात कपाशी, रब्बीला दादर ज्वारी. शहराची हद्द आमच्या शिवाराला येऊन टेकली आहे. आता पुन्हा वाढणार म्हणून एक दलाल रोज मोटारसायकल लावून ओट्यावर बसतो. म्हणतो, हद्द आली की जमीन आपोआप यलो होते, आत्ताच गुंठ्या-गुंठ्याने काढा, गिऱ्हाईक मी आणतो. काय करू?
— एक शेतकरी, धुळे तालुका

जिभाऊ, आधी त्याचा चहा बंद करा.

जमिनीच्या कामात ‘आपोआप’ काही होत नाही. झालंच तर फेरफारात चूक होते, ती मात्र आपोआप होते. तुमचा दलाल तीन वेगळे कागद एकात गुंडाळून विकतो आहे. पहिला कागद हद्दवाढीच्या अधिसूचनेचा. तुमच्या गावाचा कारभार ग्रामपंचायतीने बघायचा की शहराने, एवढंच त्यात असतं. दुसरा विकास आराखडा, तो १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याने होतो. गट निवासी, शेतीचा की आरक्षणातला, म्हणजे तुमच्या भाषेत यलो की ग्रीन, हे तिथे ठरतं. तिसरा कागद बिनशेतीचा, तो जमीन महसूल संहितेतला. आराखडा मंजूर असेल तिथे बिनशेतीची वाट आता बरीच सोपी केली आहे. पण सोपी झाली ती आराखडा मंजूर असेल तिथे.

तुमच्याच जिल्ह्यातलं बघा. २०१८ च्या जानेवारीत वलवाडी, महिंदळे, नकाणे, अवधान अशी गावं धुळे महापालिकेत आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथल्या लोकांनी महापालिकेसाठी मतदान केलं. मत देण्याची जागा बदलली. पण त्या अधिसूचनेने कुठल्या गटाचा रंग बदलला नाही, कारण अधिसूचनेत रंग नसतोच.

आराखडा यायला वर्षं जातात. तो आल्यावर तुमची तीन एकर पिवळी निघेल, हिरवीच राहील, किंवा अर्ध्या शेतातून अठरा मीटरचा रस्ता आणि उरलेल्यात बगिच्याचं आरक्षण निघेल. दलाल यातलं पहिलंच सांगतो. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नगररचना कायद्याच्या कलम २६ प्रमाणे हरकतीला तीस दिवस मिळतात. ते तीस दिवस कांद्याच्या काढणीत किंवा पोरीच्या लग्नात गेले तर मागाहून रडून उपयोग नाही. आरक्षण पडलं आणि जमीन कुणी घेतलीच नाही, तर कलम १२७ आहे. पण त्यासाठी आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षं थांबायचं, मग ‘जमीन घ्या’ अशी खरेदीची नोटीस द्यायची, मग पुन्हा चोवीस महिने. पोरगा पाचवीत असताना पडलेलं आरक्षण तो नोकरीला लागेपर्यंत सुटलं तर नशीब समजा.

आता गुंठ्यांचं. सरकारने २००१ साली गुंठेवारी, म्हणजे विनापरवाना गुंठ्यांनी पाडलेले प्लॉट, नियमित करायचा कायदा केला, पुढे त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला आत घेतलं. तुम्ही आज पाडलेले तुकडे त्यात बसत नाहीत. तुकडेबंदीचे, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणारे, नियमही अलीकडे हलत आहेत, म्हणून आज काय चालतं ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, ओट्यावर नको. मंजूर ले-आउटमध्ये रस्ते सोडावे लागतात, मोठ्या जमिनीला दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. दलालाच्या ले-आउटमध्ये रस्ता म्हणजे चुन्याची फक्की. पहिल्या पावसात ती जाते आणि चाळीस घरं तुमच्या नावाने बोटं मोडतात.

प्रश्न : प्रस्तावित हद्दीच्या नकाशात रेघ आमच्या गटाच्या बरोब्बर मधून जाताना दिसते. म्हणजे घर शहरात आणि विहीर गावात का? तलाठी म्हणतात नगररचनाला विचारा, नगररचना म्हणतं भूमी अभिलेखला विचारा.
— एक वाचक, जळगाव तालुका

हा माझ्या आवडीचा प्रश्न. जरा लांबण लावतो.

तुम्ही बघितलेला नकाशा बहुतेक एकास दहा हजार या प्रमाणाचा असेल. कोपऱ्यात लिहिलेलं असतं, वाचा. त्या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. दहा मीटर म्हणजे जवळजवळ तेहेतीस फूट. आणि आपला गुंठा किती? तेहेतीस बाय तेहेतीस. म्हणजे मिलिमीटरभर जाडीची रेघ जमिनीवर उतरवली तर ती गुंठाभर रुंद होते. आमच्या वेळी ट्रेसिंगच्या कागदावर शाईच्या पेनाने काढायचो. पेन जरा टेकून राहिलं की शाई पसरायची. साहेबांच्या लेखी तो डाग, पण त्या डागाखाली कुणाचा तरी गोठा असायचा. आता संगणकावर काढतात, रेघ केसासारखी दिसते. पण छापून, झेरॉक्स काढून, मोबाइलवर फोटो मारून तुमच्यापर्यंत येईतो तीही फुगतेच.

एकदा जेवणानंतरच्या डुलकीत मी नाल्याच्या अलीकडच्या काठाने काढायची रेघ पलीकडच्या काठाने काढली. नाला लहान, पण त्याच्या पोटात सात गट होते. वरिष्ठांनी संध्याकाळी तपासताना पकडलं, म्हणून वाचलो. दाढीच्या ब्लेडने शाई खरवडायला दीड तास लागला. खरवडलेल्या जागी कागद पांढुरका होतो आणि तिथे दुसऱ्यांदा शाई धरत नाही. त्या नकाशावर ती जागा मला अजून ओळखू येईल.

सांगायचं हे की नकाशावरून भांडू नका, अधिसूचनेच्या जोडपत्रावरून भांडा. हद्द तिथे शब्दांत लिहिलेली असते. उत्तरेस अमुक गट नंबर, पूर्वेस अमुक शिवाराची हद्द, नाल्याचा मध्य, रस्त्याची पश्चिम बाजू. त्यात तुमचा गट पूर्ण नंबराने आला असेल तर तो पूर्ण आत. नंबर नसेल तर बाहेर. गट फोडून ‘पैकी’ लिहिलं असेल तरच तुमची घर-विहिरीची भीती खरी. त्या ‘पैकी’ शब्दावर लेखी हरकत द्या. सोबत सातबारा आणि गट नकाशा जोडा. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून पोहोच घ्या. तोंडी सांगून आलेली हरकत जिन्यातच संपते.

प्रश्न : घरपट्टी एकदम शहराएवढी होणार का? आमच्याकडे घराचा नमुना आठचा उतारा आहे, तो चालेल ना?
— एक गृहिणी, जळगावलगतच्या गावातून

ताई, एकदम नाही. महापालिका अधिनियमात यासाठी कलम १२९अ आहे. सुरुवातीला ग्रामपंचायतीचाच दर, मग दरवर्षी टप्प्याने वीस-वीस टक्के चढत पूर्ण दराला पोचायचं. बिल आलं की टप्पा कितवा लावलाय ते मोजा. पत्रकात चूक झाली की ती ओळीतल्या सगळ्या घरांना होते, म्हणून शेजारणीचं बिलही सोबत बघा.

नमुना आठ जपून ठेवा, पण तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा दाखला नव्हे. गावठाणातल्या घराची मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघाली असेल तर तिच्यावरची नावं आजच तपासा. सासऱ्यांचं नाव राहिलं असेल तर वारस नोंद ग्रामपंचायत आहे तोवर उरकून घ्या. दप्तर हलताना काय-काय हरवतं ते मी बघितलेलं आहे.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत पोर्टलंडला असतो. तो म्हणतो, तिथे शहराभोवती रेघ आहे, तिच्याबाहेर वसाहत करता येत नाही. मग आपल्याकडेच शहरं अशी मोकाट का सुटतात?
— निवृत्त शिक्षक, अमळनेर

गुरुजी, भाचा खरं सांगतो. ओरेगन राज्याने १९७३ साली कायदा केला आणि तिथल्या प्रत्येक शहराला अशी रेघ आखणं भाग पडलं. पोर्टलंड परिसराची रेघ १९७९ ची. ती राखायला लोकांनी निवडून दिलेलं वेगळं प्रादेशिक मंडळ आहे. पुढच्या वीस वर्षांच्या घरांना आत पुरेशी जागा आहे का, हे त्या मंडळाला दर सहा वर्षांनी तपासावं लागतं. पुरत नाही असं दिसलं तरच रेघ सरकवायची चर्चा. वाद तिथेही होतात. आत जागा कमी म्हणून घरं महागतात असं काही म्हणतात, रेघेला टेकलेल्या शेताचा मालक म्हणतो माझं काय चुकलं.

आपली हद्दीची रेघ वेगळ्या जातीची आहे. त्यांची रेघ सांगते की बांधकाम इथवर. आपली रेघ सांगते की घरपट्टीची वसुली इथवर. बाहेर बांधू नका असं ती म्हणतच नाही, आणि म्हणूनच महामार्गाच्या कडेने आधी मंगल कार्यालय, मग हॉटेल, मग प्लॉटिंगच्या कमानी उभ्या राहतात. हद्द त्यांच्या मागून दहा-पंधरा वर्षांनी धापा टाकत येते. जळगावातलं मेहरूण आणि पिंप्राळा कधीकाळी स्वतंत्र गावं होती, हे आजच्या कॉलेजच्या पोरांना सांगावं लागतं.

तरीही ओरेगनची रेघ इथे आणून चिकटवा असं मी म्हणणार नाही. तिथे रेघेबाहेर शेती करणारा मोठ्या जमिनीचा धनी असतो. आपल्याकडे दोन एकरवाल्याला पोरीच्या शिक्षणासाठी बांधाकडचे दहा गुंठे काढावे लागतात. त्याला ‘तू कायम हिरवा रहा’ असं सांगायचं तर हिरवं राहण्याचे पैसे कुणीतरी मोजले पाहिजेत. आसोद्याच्या वांग्याचं भरीत सगळ्यांना हवं असतं. ते वांगं ज्या शेतात येतं ते राखायचे पैसे द्यायला मात्र कुणी पुढे येत नाही.

प्रश्न : जमीन विकली तर हद्दवाढीआधी आणि नंतर करात फरक पडतो का? आमचं गाव यादीत नाही, शेजारचं आहे. म्हणजे आम्ही सुटलो ना?
— दोघे भाऊ, एरंडोल रस्त्यावरून

नाही सुटलात. हे फार जणांना ठाऊक नसतं, म्हणून नीट वाचा.

ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर प्राप्तिकर लागत नाही. पण ‘ग्रामीण’ कशाला म्हणायचं, ते आयकर खातं वेगळंच मोजतं. दहा हजार किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या पालिकेच्या हद्दीतली शेतजमीन ग्रामीण नाहीच. हद्दीबाहेरही, शहराची लोकसंख्या दहा हजारांवर आणि एक लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून दोन किलोमीटर, एक लाख ते दहा लाख असेल तर सहा किलोमीटर, त्याहून मोठी असेल तर आठ किलोमीटरपर्यंतची जमीन ग्रामीण धरत नाहीत. हे अंतर रस्त्याने नव्हे, सरळ हवाई मोजायचं. जळगावची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत चार लाख साठ हजार होती, म्हणजे जळगावला सहा किलोमीटर. आता बघा, सहा किलोमीटर मोजायचे ते हद्दीपासून. शेजारचं गाव शहरात गेलं की हद्द पुढे सरकली, आणि तिच्यासोबत सहा किलोमीटरचा पट्टाही पुढे सरकला. तुमच्या ग्रामपंचायतीचा बोर्ड तसाच राहील आणि तुमची जमीन आयकराच्या लेखी शहरी होईल.

वाट आहे. जमीन आधीची दोन वर्षं खरोखर शेतीखाली असेल आणि विकल्यावर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर सूट मिळते. पीकपाहणीची नोंद म्हणून दरवर्षी नीट लावत चला. पडीक लिहिलं गेलं की सीएसुद्धा हात टेकतो.

दुसरा फरक सरकारी संपादनाचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावाला गुणक लावतात आणि त्यावर तेवढंच दिलासा रक्कम म्हणून मिळतं. ग्रामीण भागात गुणक एक ते दोनच्या दरम्यान असू शकतो, शहरी भागात एकच. म्हणजे गुणक दोन लागला तर बाजारभावाच्या चौपट, शहरात गेल्यावर दुप्पट. महामार्गाच्या आणि वळण रस्त्याच्या पट्ट्यातल्या माणसाने हद्दवाढीला ‘हो’ म्हणण्याआधी हे गणित पाटीवर मांडावं. उलट बाजूही लिहितो, शहरात गेल्यावर बाजारभावच वाढला तर दुप्पटही कमी नसते. पण रेडीरेकनरच्या पुस्तकात तो किती वाढतो, तेवढाच धरा. चहाच्या टपरीवरचा भाव कोर्टात चालत नाही.

प्रश्न : आमच्या पालिकेच्या सभेत हद्दवाढीवर चार तास खडाजंगी झाली. तुम्हीही मागे बसलेले दिसलात. कोण खरं बोलत होतं? आणि आमच्या ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला आहे, त्याला काही किंमत आहे का?
— माजी ग्रामपंचायत सदस्या

होय, मीच तो मफलरवाला. पंखा डोक्यावर होता, दुसरं काही नाही.

बाजूने बोलणारे म्हणाले, गावं घेतली नाहीत तर निधी वाढणार नाही. आत्ताच तिथले लोक आपले रस्ते, आपला बाजार वापरतात आणि कर मात्र गावात भरतात. खोटं नाही. विरोधातल्या एका सदस्याने विचारलं, आहे त्या वॉर्डांना पाणी चार दिवसाआड सोडतो, नव्या गावांना पाचव्या दिवशीचं कुठून आणणार? हेही खोटं नाही. त्यावर बाजूचे म्हणाले, हद्द वाढली की मोठी योजना मंजूर होईल. विरोधक म्हणाले, आधी योजना दाखवा. दुपारचे अडीच वाजेपर्यंत हेच. मग समोसे आले.

मला खटकलं ते वेगळंच. आहे त्या हद्दीत किती जागा रिकामी पडली आहे, हे चार तासांत एकानेही विचारलं नाही. मी रोज फिरायला जातो त्या रस्त्यावर वीस वर्षांपूर्वी मंजूर झालेले तीन ले-आउट आहेत. मी मोजले, एकशे बारा प्लॉटांपैकी एकेचाळीस रिकामे. काटेरी बाभूळ, दारूच्या बाटल्या, एका मोकळ्या जागेवर उकिरडा, दुसरीवर कुणाची तरी ट्रॅक्टरची ट्रॉली. मालक पुण्यात नाहीतर सुरतला, भाव वाढायची वाट बघत. तिथे गटार आहे, विजेचे खांब आहेत, नळाची लाइन आहे. ही यादी सभेपुढे ठेवून मग कुणी म्हणालं असतं की तरीही जागा पुरत नाही, तर मी स्वतः मागून टाळी वाजवली असती.

ग्रामसभेच्या ठरावाचं म्हणाल तर तो नकाराधिकार नाही, हरकत आहे. पालिकेचा ठरावही शेवटचा शब्द नव्हे. हद्द बदलायचा अधिकार राज्य सरकारचा. आधी प्रारूप अधिसूचना, मग हरकती, सुनावणी, मग अंतिम. म्हणून नुसता ‘विरोध आहे’ असा ठराव सुनावणीत हलका पडतो. गावची पाणी योजना कधी झाली, तिचं किती कर्ज बाकी आहे, किती कुटुंबं नुसत्या शेतीवर आहेत, रोजगार हमीवर किती हात जातात, जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट किती, हे लिहून द्या. आकड्याला उत्तर द्यावं लागतं, घोषणेला नाही. घाबरून घाईही करू नका. २०२७ च्या जनगणनेसाठी देशभरातल्या प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला होत्या तशा गोठवल्या आहेत. गोठवण उठेपर्यंत ठराव होतील, भाषणं होतील. तेवढ्या वेळात तुमचं दप्तर नीट लावून होईल.

प्रश्न : आप्पा, सगळ्यांना सल्ला देता. तुमची स्वतःची जमीन रेघेच्या आत की बाहेर?
— नाव छापू नये

आत. आमची चाळीस गुंठे पाटाच्या कडेला आहेत, माझ्या आणि धाकट्या भावाच्या सामाईक नावावर. तो विकायचं म्हणतो. गुडघे दुखतात, मजूर मिळत नाहीत, पोरगा नाशिकला कंपनीत, तो परत येणार नाही. मी म्हणालो, आराखडा येऊ दे, मग बघू. तर म्हणाला, ‘‘तुले काय, तू कागदवर शेती करी. आते आपन ना गावना, ना शहरना.’’ एकतीस वर्षं रेघा काढल्या, पण त्याला काय सांगायचं ते सुचलं नाही.

परवा त्याने नातवाच्या हाती भरताची वांगी पाठवली. पिशवीच्या तळाशी सातबाऱ्याची झेरॉक्स होती, आणि माझ्या नावासमोर पेन्सिलीने बारीक फुली, सही कुठे करायची ते दाखवायला.